हातकामाचें मोल

ज्या दुकानांत वस्तूवर छापील किंमत चिकटविलेली असते, तेथें आपण मुकाट्यानें पैसे मोजतों. परंतु ज्या मनुष्यानें ती वस्तु स्वतःच्या हातांनीं घडविली तो प्रत्यक्ष समोर बसला असतां, त्याच्याशीं मात्र दहा दहा रुपयांसाठीं घासाघीस करतों, ही आपल्या समाजांतील एक चमत्कारिक रीत होय. कारखान्याच्या मालकास 'थोडें कमी करा' असें म्हणण्याची सोय नाहीं, म्हणून आपण गप्प बसतों. कारागीर गरीब व समोर असतो, म्हणून आपल्याला कंठ फुटतो. ह्या रीतीचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं एकदां शांतपणें करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

मुंबईंत वांद्रे येथें 'महालक्ष्मी सरस' ह्या नांवाचें एक प्रदर्शन राज्याच्या ग्रामविकास खात्याकडून भरविण्यांत येत असतें. २०११ सालीं सुरू झालेल्या 'उमेद' ह्या अभियानांतील स्त्रियांचे बचत गट महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आपापले जिन्नस घेऊन तेथें येतात; इतर राज्यांतील कारागीरही येतात. मसाले, पापड व चटण्या ह्यांच्या पालांपुढें गर्दी अधिक असते, हें स्वाभाविकच आहे. आमच्या मुलांचाही ओढा प्रथम तिकडेच होता! परंतु बांबू, लांकूड, लोंकर, चामडें व माती ह्यांच्या वस्तूंचीं दुकानें मुलांनीं मुख्यतः पहावीं, आणि वस्तूपेक्षां ती करणाऱ्या माणसाशीं अधिक बोलावें, अशा उद्देशानें आम्ही आठवी-नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांस तेथें नेलें होतें. प्रत्येकाजवळ एक वही दिली होती, व तींत तीन प्रश्न लिहून दिले होते. ही वस्तु कशाची केली? ती करण्यास किती वेळ लागला? आणि हें काम तुम्ही कोणापाशीं शिकलां?

ट्रॉम्ब्याहून वांद्र्यास जातांना आमची गाडी चेंबूर व शीव ओलांडून धारावीवरून गेली. तेथें मूळच्या सौराष्ट्रांतील कुंभारांची मोठी वसाहत आहे, व तिला कुंभारवाडा असेंच म्हणतात. दिवाळीस आपल्या उंबरठ्यावर लागणाऱ्या किती तरी पणत्या तेथल्या भट्ट्यांतून येतात. एका मुलीनें खिडकींतून पाहून विचारलें, "गुरुजी, आम्ही पणत्या डझनावारी घेतों. पण एक पणती करायला किती वेळ लागतो?" मीं म्हटलें, "हाच प्रश्न आज सर्वांना विचारायचा आहे."

पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतांना कारागिरांचे चेहरे खुलत. घोंगड्या विणणाऱ्या एका वृद्ध बाबांनीं सांगितलें कीं, मेंढीच्या लोंकरीचें सूत मागावर चढविण्यापूर्वीं त्यास चिंचोक्याची खळ द्यावी लागते, म्हणजे तें ताठ राहतें व विणतांना तुटत नाहीं. सावंतवाडीचीं रंगीत लांकडी फळें विकणाऱ्या गृहस्थांनीं पांगाऱ्याच्या लांकडाचा एक तुकडा मुलांच्या हातीं दिला, तेव्हां तो इतका हलका कसा, ह्याचें सर्वांस नवल वाटलें. डहाणूकडील एका वारली ताईंनीं तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूच्या काडीचा कुंचला दाखविला. लग्नाच्या वेळीं घराच्या भिंतीवर जो चौक लिहितात, तो पूर्वीं सुवासिनीच लिहीत, हेंही त्यांनीं सांगितलें. ही भिंतीवरची कला कागदावर उतरवून जगाच्या दृष्टीस आणणारे जिव्या सोमा मशे हे त्याच डहाणू तालुक्यांतले. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं ते वारले. शाळेच्या पुस्तकांत ज्यांस 'नैसर्गिक साधनसंपत्ति' असें भारदस्त नांव आहे, त्या वस्तु येथें मुलांनीं हातांत घेऊन, वास घेऊन पाहिल्या.

दुसरा प्रश्न मात्र बहुतेकांस अडचणींत टाकी. बांबूच्या टोपल्या करणाऱ्या एका बाईंस आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "मावशी, ही एक टोपली करायला किती वेळ लागतो?" त्या हंसून म्हणाल्या, "वेळ कोण मोजतंय बाळा? घरचं आटोपलं की बसायचं." मुलगा चिकाटीचा होता. बांबू फोडणें, कामट्या तासणें, बूड विणणें, मग अंग उभें करणें आणि शेवटीं कांठ बांधणें, असें एकेक काम विचारीत त्यानें गणित मांडलें. तें चार तासांचें झालें. टोपलीची किंमत २०० रुपये, तींतून बांबूचे ४० वजा जातां उरले १६०. म्हणजे तासास ४० रुपये. गांवाहून मुंबईस येण्याचें भाडें, तेथें राहण्याचा खर्च व न खपलेल्या टोपल्या ह्यांचा हिशेब ह्यांत धरलेलाच नाहीं. इतक्यांत एक सुशिक्षित बाई आल्या, आणि टोपली उलटसुलट करून म्हणाल्या, "शंभरला देता का?" मुलानें आपल्या वहींत दुसरी ओळ लिहिली. शंभरांतून चाळीस गेले, साठ राहिले. तासास १५ रुपये. त्या बाई कांहीं दुष्ट नव्हत्या. तुमच्याआमच्यासारख्याच संसारी होत्या. आपण टोपलीची किंमत कमी करीत आहों, असें त्यांस वाटत होतें. वास्तविक टोपलींतील बांबूची किंमत कमी होणें शक्यच नव्हतें. कमी होत होती ती समोर बसलेल्या स्त्रीच्या चार तासांची किंमत.

बालमित्रांनो, एवढी एकच गोष्ट ह्या सहलींतून तुम्हीं घरीं आणावी, असें मला वाटतें. हातानें केलेल्या वस्तूच्या किमतींत दोन भाग असतात. एक मालाचा, व दुसरा माणसाच्या आयुष्यांतील वेळेचा. घासाघिशीनें पहिला भाग कधींच कमी होत नाहीं. जी कपात होते ती सर्व दुसऱ्या भागावर पडते.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. हें काम कोणापाशीं शिकलां, असें विचारतां बहुतेकांचें उत्तर 'आईपाशीं' किंवा 'वडिलांपाशीं' असेंच होतें. मग मुलांनीं आपण होऊनच चौथा प्रश्न विचारिला, "आणि तुमची मुलं शिकतात का?" कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिरानें रापी खालीं ठेवून उत्तर दिलें, "मुलगा शिकतोय की, पण कॉलेजात. हे शिकून त्याला घर कुठलं चालवता येणार?" ह्या उत्तरावर आमचीं मुलें निरुत्तर झालीं, आणि मलाही कांहीं बोलणें सुचलें नाहीं.

ही कोल्हापुरी चप्पल म्हणजे कांहीं सामान्य वस्तु नव्हे. बाभळीची साल व हिरडा ह्यांत कमावलेलें चामडें, तें कापण्यास रापी, भोंक पाडण्यास आरी, शिवण्यास चामड्याचीच वादी; अस्सल चपलेंत खिळा म्हणून नसतो. पट्ट्यांवरील बारीक वेणी विणण्याचें काम बहुधा घरांतील स्त्रिया करितात. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या कारकीर्दींत ह्या धंद्यास उत्तेजन दिलें. महाराष्ट्र व कर्नाटक ह्या दोन राज्यांतील मिळून आठ जिल्ह्यांच्या ह्या चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे तिचें नांव व तिची जन्मभूमि ह्यांचा संबंध कायद्यानें मान्य झाला. पुढें जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं 'प्राडा' ह्या प्रख्यात पेढीनें आपल्या नव्या पोशाखांच्या प्रदर्शनांत अगदीं तशाच चपला मांडल्या. आरंभीं त्यांच्या मूळ स्थानाचा उल्लेखही केलेला नव्हता. महाराष्ट्रांतून ओरड झाल्यावर त्या पेढीनें ही भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचें मान्य केलें.

त्या वेळीं आपण सर्वांनीं मोठा संताप व्यक्त केला, व तो योग्यच होता. परंतु मला असें विचारावेंसें वाटतें कीं, संताप करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तत्पूर्वीं कोल्हापूरच्या कारागिरास त्यानें सांगितलेली किंमत बिनतक्रार दिली होती? परक्यानें नांव घेतलें नाहीं म्हणून आपण रागावतों. पण ज्याच्या हातची चप्पल वर्षानुवर्षें पायांत घातली, त्याचें नांव आपण तरी कधीं विचारलें आहे काय?

ह्या अनादराचें मूळ बरेंच खोल आहे. आपल्या गांवगाड्यांत बारा बलुतेदार असत. सुतार नांगर करी, कुंभार मडकीं देई, चर्मकार मोट व जोडे शिवी. आणि सुगीच्या वेळीं ह्या सर्वांस धान्याच्या रूपानें बलुतें मिळे. व्यवस्था चालत होती खरी, परंतु तींत कामाची प्रत ठरविण्याचा अधिकार कारागिराकडे नव्हता, आणि पुष्कळांचा स्पर्शही वर्ज्य मानलेला होता. ज्याच्या हातावांचून गांवाचें पान हालत नसे, त्याचाच हात हलका समजला जाई! ह्याच महाराष्ट्रांत तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी व पंढरपूरचे नरहरी सोनार हे संत आपापला धंदा न सोडतां होऊन गेले. आमचा प्रभु येशू हाही सुताराच्या घरीं वाढला व स्वतः सुतार म्हणविला गेला. तरीही 'अभ्यास केला नाहींस तर जोडे शिवायला बसावें लागेल' असें वाक्य आजही आपल्या घरांत मुलांस धाक दाखविण्यासाठीं बोललें जातें. पालकहो, हें वाक्य बोलणाऱ्याच्या मनांत वाईट हेतु नसतो. पण तें ऐकणारें मूल एक धडा मात्र पक्का शिकतें कीं, हातांनीं काम करणें ही शिक्षा आहे.

येथें एक गैरसमज होऊं नये. कारागिराच्या मुलानें कारागीरच व्हावें, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. बुरुडाची मुलगी डॉक्टर होऊं इच्छीत असेल तर तिनें अवश्य व्हावें. आपल्या दिवाणखान्याची शोभा वाढावी म्हणून तिनें जन्मभर टोपल्या विणीत बसावें, अशी इच्छा करण्याचा आपणांस काय अधिकार? जन्मावरून धंदा ठरविण्याची जी जुनी बेडी होती ती तुटली पाहिजेच. परंतु ज्याला मनापासून तेंच काम आवडतें, त्यालाही केवळ पोट भरत नाहीं म्हणून तें सोडावें लागत असेल, तर तीही एक बेडीच नव्हे काय? उलट पक्षीं, ज्या घरांत पिढ्यानपिढ्या लेखणीच धरली गेली, तेथील एखाद्या मुलास माती किंवा लांकूड आवडलें, तर त्यालाही त्या धंद्याचें दार उघडें असावें. सावंतवाडीचा गंजिफा हा ह्याचा एक बोलका दाखला आहे. ही हातानें रंगविलेल्या गोल पत्त्यांची कला जाणणारे १९७० च्या सुमारास फारच थोडे उरले होते. तेव्हां राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनीं ती स्वतः शिकून घेतली, राजवाड्यांत कारागीर बसविले, आणि कला वांचली. राजघराण्यांतील माणसांस चिताऱ्याच्या पाटावर बसण्यांत कमीपणा वाटला नाहीं, म्हणून ती आज पाहावयास मिळते.

कित्येक पालक म्हणतील, 'गुरुजी, हें सर्व ठीक आहे. पण आमचीही मिळकत बेताची. प्लास्टिकची टोपली पन्नास रुपयांस मिळते, ती सोडून दोनशेंची कशी घ्यावी?' हा आक्षेप रास्त आहे, व त्याचें उत्तर सरळ आहे. परवडत नसेल तर घेऊं नये; न घेण्यांत कोणाचा अपमान नाहीं. 'सुंदर आहे, पण आज माझ्याजवळ तेवढे पैसे नाहींत' असें म्हटल्यानें विकणाराही समाधान पावतो. अपमान आहे तो वस्तु हवी असून तिचें मोल पाडण्यांत. शिवाय चार भिकार वस्तु घेण्याऐवजीं एक चांगली घेतली, तर ती पुष्कळ दिवस टिकते, आणि मोडली तरी कचऱ्याच्या ढिगांत शेंकडों वर्षें पडून राहत नाहीं. देवनारचा डोंगर आपल्या ट्रॉम्ब्यापासून फार दूर नाहीं. तो कशाचा झालेला आहे, हें आपणांस ठाऊकच आहे.

यंत्रांचा द्वेष करावा, असेंही मी म्हणत नाहीं. आपल्याच कोळीवाड्याचें उदाहरण पहा. एके काळीं जाळ्यांसाठीं सणाचें सूत घरोघर कातीत, जाळीं विणीत, आणि तीं कुजूं नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यांत रंगवीत. नायलॉन आल्यावर तो सर्व खटाटोप संपला, आणि कोळी कुटुंबांचे, विशेषतः स्त्रियांचे, कष्ट वांचले. ही चांगलीच गोष्ट झाली. तरी फाटलेलें जाळें सांधावयास आजही माणसाचेच हात लागतात. होडीच्या सांवलींत बसून एकेक फांस पूर्वीप्रमाणेंच बांधावा लागतो. ह्याच ट्रॉम्ब्यांत १९५६ सालीं 'अप्सरा' ही आशियांतील पहिली अणुभट्टी सुरू झाली, ह्याचा आपणांस अभिमान आहे. परंतु अशा ठिकाणीं केवळ गणित सोडविणारे शास्त्रज्ञच असतात, असें कोणी समजूं नये. धातूचे सांधे जुळविणारा, कानशीनें केसाएवढा फरक घांसून काढणारा, काच फुंकून उपकरण घडविणारा, असे कुशल हातही तेथें लागतात. आपल्या शाळेंतील कांहीं मुलांचे वडील अशींच कामें करितात. त्यांच्या मुलांनीं हें मान खालीं घालून नव्हे, तर ताठ मानेनें सांगावें.

खरेदी करणारास थोडी पारखही पाहिजे, कारण हातकामाच्या नांवावर यंत्राचा माल खपविणारेही बाजारांत असतात. ह्यांत नुकसान गिऱ्हाइकाचें होतेंच, पण त्याहून अधिक खऱ्या कारागिराचें होतें. हातमागावरील पैठणीचा पदर उलट बाजूनेंही सुलट बाजूइतकाच स्वच्छ दिसतो. हातानें काढलेल्या वारली चित्रांत दोन माणसें कधींही तंतोतंत सारखीं नसतात. छापलेल्यांत मात्र ती सारखींच असतात. सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे विकणारास 'हें कसें केलें?' असें विचारणें. ज्यानें स्वतः केलें आहे तो सांगतां सांगतां थांबत नाहीं. ज्यानें घाऊक बाजारांतून आणलें आहे तो विषय बदलतो.

आतां शाळेनें काय करावें? १९३७ सालीं वर्धा येथें महात्मा गांधींनीं भरविलेल्या शिक्षण परिषदेंत एखाद्या हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण द्यावें, असा विचार मांडला गेला. त्या योजनेचे सर्व तपशील टिकले नाहींत, तरी तींतील मूळ तत्त्व खोटें ठरलेलें नाहीं. त्याहीपूर्वीं केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं निराधार स्त्रियांस विणकाम व छपाईसारखे धंदे शिकविले होते. रमाबाईंनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर १९२४ सालीं तेथेंच छापून पुरें झालें, व त्यासाठीं खिळे जुळविण्याचें काम तेथल्या स्त्रियांनींच केलें. ज्यांस समाजानें टाकून दिलें होतें, त्या आपल्या हातांच्या बळावर उभ्या राहिल्या. बुद्धि आणि हात ह्यांची फारकत न केल्यास काय होऊं शकतें, ह्याचा ह्याहून चांगला दाखला आपल्या भाषेच्या इतिहासांत क्वचितच मिळेल.

आपल्याकडे हस्तकलेचा तास आठवड्यांतून एकदां असतो, आणि परीक्षा जवळ आली कीं पहिली कात्री त्याच तासावर चालते. पालकांनींही ह्याबद्दल कधीं तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं! माझी सूचना अशी कीं, हा तास कायम राखावा. वर्षांतून एकदां एखाद्या कारागिरास योग्य मानधन देऊन शिकविण्यास बोलवावें, व तो वर्गांत आला म्हणजे मुलांनीं इतर शिक्षकांप्रमाणेंच उभें राहून त्यास मान द्यावा. शाळेच्या आनंदमेळाव्यांत मुलांनीं केलेल्या वस्तु मांडतांना प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी ठेवावी, आणि तीवर किंमतीबरोबर 'हिला इतके तास लागले' असेंही लिहावें. स्वतः सहा तास बसून केलेल्या पिशवीस कोणी वीस रुपये देऊं केले, म्हणजे मुलास जें वाटेल तें कोणत्याही व्याख्यानानें शिकवितां येणार नाहीं.

पालकांस एवढीच विनंति आहे कीं, पुढील खरेप्रसंगीं, मग तें वांद्र्याचें प्रदर्शन असो, मतमाउलीच्या जत्रेंतील मेणबत्त्यांचें पाल असो, कीं आपल्या नाक्यावरील मडक्यांची गाडी असो, मुलांस बरोबर न्यावें. त्यांच्यासमोर कारागिरास 'अहो' म्हणावें, वस्तु कशी केली तें विचारावें, आणि घ्यावयाचीच असेल तर सांगितलेली किंमत द्यावी. मूल पाठ्यपुस्तकांतील श्रमप्रतिष्ठेचा धडा परीक्षेनंतर विसरून जातें. परंतु आईनें टोपलीवालीचे दोनशें रुपये न कुरकुरतां मोजून दिले, हें तें विसरत नाहीं.